उजेडाची परीक्षा घेणारे इब्नुल हैसम

रमजानची चाहूल चंद्रकोरीने लागते. शाबान महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मोहल्ल्यातले लहानथोर गच्चीवर चढतात आणि चाँद दिसला का, असे एकमेकांना विचारतात. दिसणे म्हणजे नेमके काय घडते, हा प्रश्न मात्र सहसा कुणाला पडत नाही. हजार वर्षांपूर्वी तो एका विद्वानाला पडला. त्यांचे नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम. उर्दू वाचक त्यांना इब्नुल हैसम म्हणून ओळखतात, तर युरोपने त्यांना अल्हाझेन म्हटले.

त्यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास आजच्या इराकमधील बसरा शहरात झाला. गणितात त्यांचे नाव झाले आणि ते इजिप्तच्या फातिमी खलिफा अल-हाकिम यांच्या कानावर गेले. नाईल नदीला कधी महापूर येई, तर कधी पाणी इतके कमी पडे की दुष्काळ ओढवे. या पाण्याला शिस्त लावता येईल, असे इब्नुल हैसम यांचे मत असल्याचे खलिफांना कळले. त्यांनी त्यांना कैरोला बोलावून घेतले आणि माणसे व साधने देऊन कामाला धाडले.

पुढची हकिकत तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न अल-किफ्ती सांगतात. नदीकाठाने दक्षिणेकडे जाताना वाटेत प्राचीन इजिप्तची भव्य बांधकामे लागली. अशी मोजमापे जाणणाऱ्या लोकांनाही नाईल आवरता आली नाही, तर आपल्याकडून ते होणे कठीण, अशी शंका त्यांच्या मनात आली. अस्वानजवळची जागा पाहिल्यावर तिची खात्री पटली. परत येऊन त्यांनी काम जमणार नसल्याचे खलिफांना सांगितले. त्याच अस्वानजवळ मोठे धरण पूर्ण व्हायला १९७० साल उजाडावे लागले.

अल-हाकिम लहरी होते आणि त्यांची मर्जी फिरली की जीव जाण्याची भीती असे. खलिफांनी दिलेली सरकारी नोकरी नाकारणे शक्य नव्हते आणि स्वीकारणे धोक्याचे होते. तेव्हा इब्नुल हैसम यांनी वेडाचे सोंग घेतले, अशी ही कथा आहे. त्यांना घरात बंदिस्त ठेवण्यात आले. १०२१ साली अल-हाकिम नाहीसे झाले आणि त्यानंतरच हे सोंग उतरले.

याच सुमारास, म्हणजे साधारण १०११ ते १०२१ या काळात, त्यांचा ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ तयार झाला, असे अभ्यासक मानतात. विषय होता प्रकाश आणि दृष्टी. युक्लिड आणि टॉलेमी या ग्रीक पंडितांचे म्हणणे होते की डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला स्पर्श करतात, म्हणून ती दिसते. इब्नुल हैसम यांनी साधा मुद्दा काढला. सूर्याकडे टक लावली तर डोळे दुखतात. म्हणजे बाहेरून काहीतरी डोळ्यात येते. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना पसरतो आणि तो डोळ्यात शिरला की आपल्याला दिसते, हे त्यांनी मांडले.

केवळ मांडून ते थांबले नाहीत. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला छोटे भोक ठेवून बाहेर काही दिवे वेगवेगळ्या जागी लावले, तर आतल्या भिंतीवर दिव्यांइतकेच ठिपके पडतात. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, उघडला की परत येतो. यावरून त्यांनी दाखवले की प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकाच भोकातून जातानाही वेगवेगळ्या दिव्यांचा उजेड एकमेकांत मिसळत नाही. हा प्रयोग आजही शाळेतले मूल घरी करू शकेल.

चंद्रावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. चंद्र सूर्याचा प्रकाश गुळगुळीत आरशासारखा एकाच दिशेने परतवत नाही, त्याच्या उजळलेल्या भागाचा प्रत्येक बिंदू सगळीकडे प्रकाश पाठवतो, असे त्यांनी सिद्ध करू पाहिले. किब्ल्याची दिशा गणिताने कशी काढावी, यावरही त्यांचे लेखन आहे.

टॉलेमीबद्दलच्या शंका मांडणारा त्यांचा एक वेगळा ग्रंथ आहे. थोरांचे लिखाण वाचताना त्यावर भरवसा टाकून बसू नये, ते सर्व बाजूंनी तपासावे, आणि तपासताना स्वतःच्या बुद्धीवरही संशय ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. तो त्यांच्याही बाबतीत खरा ठरला. दृष्टीची जाणीव डोळ्यातल्या भिंगाला होते असे ते मानत. ही चूक योहानेस केप्लर यांनी १६०४ मध्ये दुरुस्त केली आणि प्रतिमा भिंगामागच्या पडद्यावर उमटते, हे दाखवले. केप्लरांच्या हाती इब्नुल हैसम यांच्या ग्रंथाचा १५७२ साली बासेलमध्ये छापलेला लॅटिन अनुवाद होता. चूक सापडली, ती त्यांनीच घालून दिलेल्या वाटेवर.

अखेरची वर्षे त्यांनी कैरोत अल-अझहर मशिदीजवळ काढली. युक्लिड, टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून विकायच्या आणि त्यावर वर्षभर गुजराण करायची, असा त्यांचा शिरस्ता होता. १०४० च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ग्रंथाला हजार वर्षे झाल्याचे स्मरण ठेवत संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला अमेरिकेतील ‘लायगो’ या वेधशाळेने लेसर आणि आरशांच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याने उठलेली ती थरथर अणुकेंद्राहूनही कितीतरी सूक्ष्म होती. एका ठिकाणच्या नोंदीवर कुणी विसंबले नाही. सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांची नोंद जुळली, इतर सगळ्या शक्यता तपासून झाल्या, तेव्हाच ती बातमी जगाला सांगण्यात आली.

आता अशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभी राहत आहे. तिचे दोन बाहू प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीचे असतील. यंत्रे बदलली, लेसर आले. पण उजेडाला साक्षीला बोलवायचे आणि त्या साक्षीचीही उलटतपासणी घ्यायची, ही रीत अंधाऱ्या खोलीतल्या त्या ठिपक्यांइतकीच जुनी आहे.