चित्रकलेतून नांगराकडे : लक्ष्मणराव किर्लोस्कर

महाराष्ट्राच्या उद्योगपर्वाचा इतिहास सांगताना लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव अग्रभागी येते. कारखानदार, किर्लोस्करवाडीचे संस्थापक, मराठी मुलुखात लोखंडी नांगर रुजविणारे उद्योजक म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. मात्र या गृहस्थांना आयुष्यात व्हायचे होते चित्रकार, आणि यंत्रविद्येची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती, हे आजच्या पिढीतील फारच थोड्यांना ठाऊक असेल.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच घराण्याचे. तेव्हा किर्लोस्कर म्हटले की लोकांना नाटकमंडळी आठवे. त्या नावाशी नांगर आणि पंप जोडले जाण्यास अजून बराच अवकाश होता. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातील स्वाभाविक अपेक्षा. परंतु लक्ष्मणरावांचे मन शाळेत रमले नाही. त्यांना दोनच गोष्टींचे वेड होते. एक चित्रे काढण्याचे आणि दुसरे, हाती लागेल ती यांत्रिक वस्तू उघडून पाहण्याचे. अशा मुलाला घरात वाया गेलेला ठरविले जाण्याचीच शक्यता अधिक. येथे थोरले बंधू रामचंद्रराव ऊर्फ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

त्या वेळी या कलाशाळेची सूत्रे जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स. अशा वातावरणात दोन वर्षे काढल्यावर लक्ष्मणरावांच्या बाबतीत एक विपरीत गोष्ट लक्षात आली. त्यांना काही रंगांमधील भेद ओळखता येत नव्हता. वैद्यकीय भाषेत हे अंशतः रंगांधत्व. इंग्लंडचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनाही ते होते आणि त्यांनी १७९४ साली या दोषाविषयी निबंध वाचला होता. रसायनशास्त्रज्ञाचे त्यावाचून फारसे अडले नाही. चित्रकाराचे मात्र सारेच अडते. विशीही न ओलांडलेल्या, घरच्यांच्या इच्छेविरुद्ध मुंबईला आलेल्या तरुणाला हा आघात किती जिव्हारी लागला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

लक्ष्मणराव गावी परतले नाहीत. रंग गेले तरी रेषा शाबूत होती. त्यांनी रंगचित्रण सोडून यांत्रिक आरेखनाचा अभ्यास सुरू ठेवला. यंत्राच्या भागाचे वरून, समोरून व बाजूने दिसणारे रूप मोजमापासह कागदावर उतरविणे हे आरेखकाचे काम. तेथे हात स्थिर हवा आणि नजर काटेकोर हवी. दोन्ही त्यांच्यापाशी होते. या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५ रुपये. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती आणि तिच्या कर्मशाळेत नवनवी यंत्रे होती.

लक्ष्मणरावांचे खरे शिक्षण या कर्मशाळेत झाले असे म्हणावयास हवे. वर्गात आरेखन शिकवावे आणि फावल्या वेळात यंत्रांशी झटापट करावी, असा त्यांचा क्रम होता. कोणताही भाग का व कसा फिरतो हे हाताने अनुभवून घ्यावयाचे, मग त्याविषयीचे इंग्रजी पुस्तक मिळवून वाचावयाचे. पुढे अमेरिकी तांत्रिक नियतकालिकांचीही त्यात भर पडली. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. आज अभियांत्रिकीच्या एका जागेसाठी धावाधाव करणाऱ्या पालकांना ही हकीगत दंतकथा वाटेल.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एका पारशी गृहस्थाला सायकलवर बसून जाताना पाहिले. दोन चाकांवर तोल सावरीत धावणारे ते वाहन त्यांना इतके भावले की त्यांनी सायकल मिळवली, ती चालवायला शिकले आणि मग तिचा व्यापारच सुरू केला. मुंबईत सायकली खरेदी करून ते बेळगावला रामूअण्णांकडे पाठवीत. तेथे एकेक सायकल सातशे ते हजार रुपयांना विकली जाई. ज्या शिक्षकाला महिन्याला ४५ रुपये मिळत त्याच्या हातून जाणारी ही वस्तू, हे ध्यानात घेतले म्हणजे सायकल त्या काळी कोणाच्या दारात असे ते कळते. सायकल शिकविण्याचे रामूअण्णा वेगळे १५ रुपये घेत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या पुढे देशभर गाजलेल्या नावाचा उगम या दुकानात आहे. बेळगावातील एक रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाकडे आले. सायकलींच्या विक्री-दुरुस्तीतून एक लहानसा कारखाना उभा राहिला. त्यातून आधी कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

नांगर ही वस्तू दिसावयास साधी. तिच्यातील गुंतागुंत मात्र हाताळणाऱ्यालाच कळते. आपला परंपरागत लाकडी नांगर जमीन चिरतो, पण ती उलथत नाही. हरळीसारख्या खोल मुळांच्या तणाला त्याने फारसा धक्का लागत नाही. लोखंडी नांगराचा फाळ माती खालून कापतो आणि फाळामागचा वळणदार पत्रा ती उचलून पालथी घालतो. तणाची मुळे उन्हाला लागतात. सारे रहस्य त्या पत्र्याच्या वळणात असते. बाक कमी पडला तर माती पालथी पडत नाही, अधिक झाला तर बैलांवरचा ताण वाढतो. विलायती नांगर बाजारात होते. त्यांचा अभ्यास करून ते इथल्या जमिनीला, इथल्या बैलांना आणि इथल्या शेतकऱ्याच्या खिशाला मानवतील असे घडविण्याचे काम लक्ष्मणरावांनी अंगावर घेतले. कागदावर वक्र रेषा तोलण्याचा जे. जे. मधला सराव येथे त्यांच्या कामी आला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नांगर झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत गावोगाव होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात निव्वळ अडाणीपणा होता असेही म्हणता येत नाही. ज्याच्यापाशी जमिनीचा एकच तुकडा आहे आणि एका हंगामाच्या चुकीने ज्याचे घर बुडू शकते, तो नव्या अवजाराकडे संशयानेच पाहणार. दोन वर्षे नांगर जागचे हलले नाहीत. भांडवल तुटपुंजे, कामगारांची मजुरी देणे भाग, आणि माल पडून. पुढे काही नांगर विकले गेले तेव्हा फाळ लवकर झिजतात अशी तक्रार आली. लक्ष्मणरावांनी ओतकामाचा नव्याने अभ्यास करून फाळ कठीण केला. विकलेल्या अवजाराची शेतात काय गत होते हे समजून घ्यावयाचे आणि आराखडा पुन्हा बदलावयाचा, ही रीत तेव्हापासून या कारखान्याला लागली.

नांगराला जरा उठाव येऊ लागला तोच नवे संकट उभे राहिले. गावच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याची नोटीस बेळगाव नगरपालिकेने बजावली. कुटुंबकबिला, यंत्रे आणि कामगार घेऊन जायचे कोठे? त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंधच्या यमाईदेवीच्या मंदिरातील सभामंडपाचे काम आलेले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आलेले. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून ते ख्यात आहेतच, शिवाय ते स्वतः चित्रकार होते. चित्रकार राजा आणि चित्रकला हुकलेला कारखानदार यांची ही गाठ दोघांनाही लाभदायी ठरली. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

ही जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. सापांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा, आसपास वस्ती नाही. १९१० साली सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे येथे आली. आधी राहुट्या आणि झोपड्या, मग शेड, मग भट्टी. गाव वसविण्याची जबाबदारी रामूअण्णांनी पत्करली. शंभूराव जांभेकर यंत्रकामात, मंगेशराव रेगे हिशेबात, के. के. कुलकर्णी जाहिरात व विक्रीसह पडेल त्या कामात आणि अनंतराव फळणीकर नवनव्या रचनांत रंगले. यांतील बहुतेकांनी पुढे वाडीलाच आपले आयुष्य वाहिले. रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी नेमली ती दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेली माणसे, आणि त्यांनी हा विश्वास सार्थ केला. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हाही दंडक होता. १९१० च्या महाराष्ट्रात तो अमलात आणणे किती कठीण होते, हे वेगळे सांगावयास नको.

नांगरामागोमाग उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप असा माल बाहेर पडू लागला. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा दोन्ही दुर्मीळ झाले तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालविण्यापर्यंतचे प्रयोग झाले. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. पुढे ‘किर्लोस्कर’ म्हणून मराठी घराघरांत पोहोचलेले मासिक ते हेच. त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे, स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार. काकांच्या हातून सुटलेला कुंचला पुतण्याने उचलला, असे म्हणण्याचा मोह होतो. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही भावंडे नंतरची. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले. पदवी नसलेल्या बापाच्या कारखान्यात पदवीधर मुलगा आला आणि पंप, इंजिने, लेथ यांचे युग सुरू झाले. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

वर्ध्याच्या वाचकांना जिव्हाळ्याची वाटेल अशी एक हकीगत मात्र येथे सांगितलीच पाहिजे. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी मोठ्या कडक होत्या. चरखा खेड्यातील साध्या घरात चालावा, बाईमाणसाला फार न थकता आठ तास चालविता यावा, तेवढ्या वेळात १६ हजार फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये आणि तो वीस वर्षे टिकावा. देशोदेशीच्या कल्पक माणसांना हे आव्हान होते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही असा एक चरखा तयार झाला आणि परीक्षणासाठी मांडला गेला. सर्व अटी त्याने पुऱ्या झाल्या नाहीत, म्हणून बक्षीस मिळाले नाही. ते अन्य कोणालाही मिळाले नाही. गांधीजी १९३४ साली वर्ध्यास मगनवाडीत आले, १९३६ पासून सेवाग्रामला राहू लागले. १९३८ साली मगन संग्रहालय सुरू झाले. तेथे मांडलेले नाना तऱ्हेचे चरखे पाहताना एक लाखाचे ते कोडे किती जणांनी सोडवू पाहिले असेल, असे मनात येते. या प्रश्नावर वाडी आणि वर्धा यांची दृष्टी अगदी एक नव्हती. लक्ष्मणरावांचा कल कारखान्यात बनलेल्या यंत्राकडे, तर गांधीजींचा आग्रह खेड्यातील सुताराला दुरुस्त करता येईल अशा साधनाकडे. शेतकऱ्याच्या घरात काय परवडेल आणि काय टिकेल, ही चिंता मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

आणि तरीही १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली तीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटविण्यात आला. अडतीस वर्षे तेथे घाम गाळलेल्या लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. तोवर पसाराही वाडीपुरता उरला नव्हता. हरिहर येथे १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर, तर १९४६ मध्ये बंगलोरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याला तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना सुरू झालेला होता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय डाक विभागाने वीस पैशांचे तिकीट काढले. निवडुंगाच्या त्या रानाजवळचे कुंडल रोड स्टेशन त्यांच्या हयातीतच किर्लोस्करवाडी झाले होते. पुणे-मिरज मार्गावरच्या गाड्या आजही तेथे थांबतात, आणि शेजारच्या कारखान्यात अजूनही पंप तयार होतात.