पोगरवाडीचे कर्नल

नोव्हेंबर २०१५ मधली गोष्ट. मी तेव्हा तिसरीत होतो. दिवाळीची सुट्टी चालू होती, पण आमच्या जळकोट भागात सणाची कळा कुणाच्या तोंडावर नव्हती. पावसाने दगा दिला होता. हॉटेलात चहाला बसलेली माणसेही पाण्याचेच बोलत. (पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो हा दुष्काळ.) वडिलांबरोबर मी स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो, तेव्हा तिथल्या टीव्हीवर सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला अंत्यविधी दाखवीत होते. बंदुकांची सलामी झाली. एरवी एकमेकांना बोलू न देणारी माणसे त्या वेळी गप्प होती. माझे लक्ष मात्र माझ्याहूनही लहान असलेल्या एका मुलाकडे होते. तो त्या कर्नलांचा मुलगा, असे वडिलांनी सांगितले.

कर्नल संतोष महाडिक हे नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकले. यंदा अंकासाठी चरित्रलेख लिहायला सरांनी सांगितले, तेव्हा दुसरे नाव मनात आलेच नाही. त्याला घरचेही एक कारण आहे, ते पुढे येईल.

संतोष यांचा जन्म १५ जानेवारी १९७७ रोजी साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचा. जन्माचे आडनाव घोरपडे; आजोळच्या घरी दत्तक गेल्यामुळे ते महाडिक झाले. घर शेतकऱ्याचे, दूधदुभत्याचे. शिक्षणासाठी त्यांची निवड साताऱ्याच्या सैनिक शाळेत झाली. १९६१ साली सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. तिथे त्यांनी बॉक्सिंगचे हातमोजे चढविले आणि फुटबॉलच्या गोलातही ते उभे राहिले. पुढे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, मग डेहराडूनची लष्करी अकादमी, आणि १९९८ साली कमिशन. इथपर्यंतची वाट पुष्कळ अधिकाऱ्यांची असते.

वेगळेपण इथून पुढे आहे. त्यांनी २१ पॅरा स्पेशल फोर्सेस ही पलटण पत्करली. ही मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची एकविसावी बटालियन. १९९६ साली तिचे स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतर झाले, आणि तिला वाघनख ह्या नावाने ओळखतात. आपल्याकडच्या मुलाला ह्या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अशा पलटणींची सुरुवात १९६५ च्या युद्धातली. मेजर मेघ सिंग यांनी निवडक स्वयंसेवकांना घेऊन शत्रूच्या पिछाडीवर छापे घातले, आणि त्या अनुभवातून १९६६ साली ९ पॅरा कमांडो उभी राहिली. ह्या पलटणींत जवान स्वतःहून मागून येतो. मग काही महिने त्याची झोप, भूक आणि जिद्द यांची परीक्षा पाहिली जाते, आणि त्यांतले बरेचसे आपल्या मूळ पलटणीत परत जातात. जे टिकतात त्यांच्या छातीवर बलिदान हे चिन्ह लागते. सिनेमातला कमांडो एकटाच शंभरांना लोळवतो. खरे काम चार-सहा जणांच्या तुकडीने, रात्री, न बोलता करायचे असते, आणि तुकडीत अधिकारी मागे राहून हुकूम सोडीत नाही. तो सर्वांच्या बरोबर, पुष्कळदा पुढे, चालतो. ही सवय माझ्या मते कर्नल महाडिकांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली आहे.

ईशान्य भारतात अतिरेक्यांविरुद्ध चाललेल्या ऑपरेशन ऱ्हायनोमधील कामगिरीबद्दल २००३ साली त्यांना सेना पदक मिळाले. पुढे ते कर्नल झाले आणि काश्मीरमधल्या कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमान अधिकारी म्हणून गेले. ही बटालियनही मराठा रेजिमेंटशी निगडित. २०१५ च्या जूनमध्ये त्यांच्या जुन्या पलटणीच्या जवानांनी म्यानमार सीमेवर कारवाई केली आणि वर्तमानपत्रे भरून गेली. महाडिक तेव्हा काश्मीरमध्ये निराळ्याच कामात होते. गावोगावच्या तरुणांशी बोलावे, त्यांना खेळाकडे वळवावे, हत्यारापासून दूर ठेवावे, असा त्यांचा प्रयत्न असे. छाप्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाने माणसे जोडण्यात दिवस घालवावेत, याचे मला फार नवल वाटते. छापा एका रात्रीत होतो, गावाचा विश्वास तसा मिळत नाही.

त्याच नोव्हेंबरात नियंत्रण रेषेजवळच्या मनीगाहच्या बाजूला, हाजी नाक्याच्या रानात घुसखोर शिरल्याचा सुगावा लागला. रान दाट, चढउताराचे, आणि थंडीचे दिवस. शोध कित्येक दिवस चालला. १७ नोव्हेंबर रोजी कर्नल स्वतः जवानांबरोबर रानात होते. गोळीबारात ते गंभीर जखमी झाले. हेलिकॉप्टरने रुग्णालयात नेले, पण ते वाचले नाहीत. वय अवघे अडतीस. १९ तारखेला पोगरवाडीत अंत्यसंस्कार झाले, आणि पुढच्या प्रजासत्ताक दिनाला मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झाले.

इथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनमध्ये हजाराच्या आसपास माणसे असतात. त्यांच्या प्रमुखाने नकाशा आणि वायरलेस घेऊन मागे राहिले असते, तर कुणीही नावे ठेवली नसती. त्याच वर्षी २७ जानेवारीला ४२ राष्ट्रीय रायफल्सचे कर्नल एम. एन. राय त्राल येथे मारले गेले होते. म्हणजे एका वर्षात दोन कमान अधिकारी गेले. एवढे तयार झालेले माणूस गमावणे सैन्याला परवडते काय? आमच्या वर्गात ह्यावर वाद झाला. काही जणांना हा प्रश्नच गैर वाटला. मला तसे वाटत नाही. पण वाघनख पलटणीत घडलेल्या माणसाला मागे राहणे जमले नसते, एवढे मात्र मला समजते. ज्याच्यापुढे कधी कुणी चालले नाही, त्याने दुसऱ्याला पुढे कसे पाठवावे?

आता घरचे कारण. माझा आतेभाऊ दोन वर्षे पहाटे चारला उठून उदगीर रस्त्यावर धावतो. सोळाशे मीटरच्या वेळेसाठी त्याची धडपड आहे. २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी होते. पुढचे कुणी सांगावे? पण त्याचे म्हणणे, आधी आत तर शिरू. आत्याचा ठाम नकार आहे. त्या दिवशीचा टीव्ही तिनेही पाहिला होता. तिची समजूत काढावी म्हणून मी तिला स्वाती महाडिकांची हकीकत सांगितली. त्या शिक्षिका होत्या. पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी स्वतः सैन्यात जायचे ठरविले. वयाची अट आड आली, ती त्यांच्यासाठी शिथिल झाली. निवड मंडळाची परीक्षा मात्र इतरांसारखीच द्यावी लागली. वयाने पुष्कळ लहान मुलींच्या बरोबरीने त्यांनी चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण पुरे केले, आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या.

भाकरी थापता थापता आत्याने सगळे ऐकून घेतले. आतेभाऊ दाराशी बुटांची नाडी सोडीत बसला होता. माझे बोलणे संपल्यावर तिने एवढेच विचारले, की मग तेव्हा मुले कुणाजवळ होती. वसतिशाळेत, मी म्हणालो. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि आतेभावाला हातपाय धुऊन घ्यायला सांगितले.