डॉ. ग्रेस मॉर्ले : संग्रहालयाला वाहिलेले आयुष्य

दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय जन्मले ते एका फिरत्या प्रदर्शनातून. १९४७-४८ मध्ये लंडनला गेलेल्या भारतीय कलावस्तू परतल्यावर दिल्लीत मांडल्या गेल्या आणि त्यांतूनच १५ ऑगस्ट १९४९ रोजी हे संग्रहालय स्थापन झाले. १९६० मध्ये त्याला नवी वास्तू लाभली आणि पहिल्या संचालिकाही. त्या डॉ. ग्रेस मॉर्ले.

१९०० साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या मॉर्ले यांनी १९३५ पासून सॅन फ्रान्सिस्कोचे कलासंग्रहालय घडविले. पिकासोचे ‘गेर्निका’ १९३९ मध्ये तेथे प्रदर्शित झाले होते. वस्तूंची गर्दी नको, त्या सामान्य प्रेक्षकाला उमगल्या पाहिजेत, हा आग्रह त्यांनी दिल्लीतही धरला. १९६६ मध्ये पद सोडल्यावर त्या मायदेशी परतल्या नाहीत. आशियातील संग्रहालयांसाठी दिल्लीतूनच झटत राहिल्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८५ मध्ये दिल्लीतच त्यांचे निधन झाले.