कर्मवीर भाऊराव पाटील : मुलांच्या हाती कुदळ देणारे अण्णा

कॉलेजात गेलात की तुम्ही राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जाल. बंधारा बांधाल, गाव झाडाल. ही योजना 1969 साली देशातल्या 37 विद्यापीठांत सुरू झाली. पण त्याच्या कितीतरी आधी साताऱ्यात एका माणसाने मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळ दिली होती.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे झाला. गंमत बघा, पुढे कॉलेज काढणाऱ्या या माणसाने स्वतः कधी कॉलेजची पायरी चढली नाही! कोल्हापुरात शिकताना ते जैन वसतिगृहात राहत. एकदा ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितलं, तर त्यांनी साफ नकार दिला. वसतिगृह सोडावं लागलं, पण ते बधले नाहीत.

1919 मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीला बसायची. त्या काळात हे सोपं नव्हतं हो! भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातल्या, पण त्याच या मुलांच्या आई झाल्या. दागिने एकेक करून गेले. एकदा तर घरात धान्य नव्हतं आणि मुलं उपाशी राहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिलं. 1930 मध्ये त्या वारल्या. अण्णांचं नाव घेताना आपण त्यांना विसरतो, हे मला नेहमी खटकतं.

मुलं स्वयंपाक करायची, शेतात राबायची, दगडमाती वाहायची. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि हाच 'कमवा आणि शिका'चा मार्ग तिथेही आला. आता कुणी म्हणेल, शिक्षणाच्या बदल्यात केलेलं काम, ही सेवा कसली? पण ज्याच्या घरी फीला पैसे नाहीत, त्याला फुकट राबायला सांगणं कितपत बरोबर? त्याच्या श्रमाला मोल देऊन अण्णांनी त्याला मान खाली घालू दिली नाही.

1959 मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचं निधन झालं. त्याच विद्यापीठात आज त्यांच्या नावाने कमवा आणि शिका योजना चालते. खेड्यातून आलेली कितीतरी मुलंमुली रोज काही तास काम करतात आणि त्या पैशांवर शिकतात.