काझी अझीझुल हक : बोटांच्या ठशांचा हिशोब मांडणारा खुलन्याचा पोरगा

सूरह कियामामध्ये बोटांच्या पेरांचा जो उल्लेख आहे, तो आपण सगळ्यांनी बयानात कधी ना कधी ऐकलेला असतो. मौलाना साहेब सांगतात, की प्रत्येकाच्या बोटावरच्या रेषा वेगळ्या असतात आणि हे विज्ञानाला फार उशिरा कळलं. ऐकून मन भरून येतं. पण ते ठसे पोलिसांच्या कपाटात कसे लावायचे आणि लाखो कागदांतून एक माणूस कसा शोधायचा, हे कोडं ज्यांनी सोडवलं त्यांच्यात एक मुसलमान तरुण होता. त्याचं नाव मात्र बयानात क्वचितच येतं. आम्ही आज त्याच माणसाबद्दल लिहीत आहोत.

सीबीआय, एनआयए किंवा अमेरिकेच्या एफबीआयमध्ये आज गुन्ह्यांच्या माहितीचं विश्लेषण करणारे लोक असतात. ते बंदूक घेऊन धावत नाहीत. नोंदी, आकडे, फोन, ठसे यांची सांगड घालून ते तपास अधिकाऱ्याला सांगतात, की हा माणूस तोच आहे, आणि तो आधी अमुक ठिकाणी पकडला गेला होता. आपल्या घरातली मुलं आता अशा नोकऱ्यांची चौकशी करतात. काझी सय्यद अझीझुल हक हेच काम करत होते, तेही कॉम्प्युटर जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, कलकत्त्यात.

त्यांचा जन्म 1872 चा, बंगालच्या खुलना भागातल्या फुलतला जवळचा. हा भाग आज बांगलादेशात आहे. आई-वडील होडीच्या अपघातात गेले, तेव्हा ते लहानच होते. बारा वर्षांचे असताना ते घर सोडून एकटे कलकत्त्याला आले. अनोळखी शहर, ओळखपाळख कुणाची नाही. तिथे एका कुटुंबाने त्यांना आसरा दिला. पोरगा गणितात तल्लख आहे हे त्या लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याच्या तालीमची सोय केली. त्या घराने यतीम पोराला नुसतं जेवू घातलं असतं तरी सवाब होता. त्यांनी त्याला शाळेत घातलं. तिथून पुढे हा मुलगा थेट प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचला, गणित आणि विज्ञान शिकायला.

1892 मध्ये बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांनी कॉलेजच्या प्रिन्सिपलांकडे विचारणा केली, की आकडेमोडीत पक्का असा एखादा विद्यार्थी सुचवा. प्रिन्सिपलांनी अझीझुल हक यांचं नाव दिलं. ते सब-इन्स्पेक्टर म्हणून खात्यात लागले.

त्या काळी पोलिसांची अडचण काय होती, ते आधी समजून घ्यायला हवं. एक माणूस चोरीत सापडायचा, शिक्षा भोगायचा, दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन नाव बदलायचा आणि पुन्हा पकडला गेला की पहिलाच गुन्हा असल्याचं सांगायचा. फोटो कमी, कागद विस्कळीत. फ्रान्सच्या बर्तिलाँ नावाच्या अधिकाऱ्याने यावर उपाय काढला होता. कैद्याच्या अंगाची मापं घ्यायची : डोक्याची लांबी, रुंदी, मधलं बोट, पाऊल वगैरे. हीच पद्धत बंगालात आली आणि कार्डावर अंगठ्याचा ठसाही घेतला जाऊ लागला. हक साहेबांना आधी हेच मापांचं काम मिळालं.

ते काही त्यांना पटेना. एक शिपाई माप घेणार तर एक आकडा, दुसरा घेणार तर दुसरा. पट्टी जरा सैल धरली की माणूस भलत्याच खान्यात गेला. गणित कळणाऱ्याला असली गोष्ट सहन होत नाही. उलट बोटाचा ठसा कुणीही घेतला तरी तोच येतो.

ठशांची माहिती नवी नव्हती. विल्यम हर्शेल यांनी 1858 मध्येच हुगळीकडे एका करारावर हाताचा ठसा घेतला होता, आणि फ्रान्सिस गाल्टन यांनी लंडनमध्ये 1892 साली ठशांवर पुस्तक काढलं होतं. अडत होतं ते पुढे. ठसे हजारांनी जमले की त्यातून एक शोधणार कसा? नावाप्रमाणे लावून उपयोग नाही, कारण नावच खोटं असतं.

आपल्याकडे लहानपणी सगळ्यांनीच बोटांवर चक्र किती आणि शंख किती ते मोजलेलं असतं. हक साहेबांनी याच मोजणीला गणित बनवलं. प्रत्येक बोटाबाबत एकच प्रश्न : चक्र आहे की नाही? वळून मागे जाणारी लूप असो की कमान, ती 'नाही' मध्ये धरायची. दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर 16 गुण, दुसरीत 8, मग 4, 2 आणि 1. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एका बोटाचे गुण वर मांडायचे, दुसऱ्याचे खाली, आणि दोन्हीकडे एक-एक मिळवायचा. झाला अपूर्णांक. कुठेच चक्र नसेल तर 1 छेद 1. दहाही बोटांवर चक्र असेल तर 32 छेद 32. फक्त उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांवर चक्र असेल तर 17 छेद 17. घरी मुलांना करून बघायला सांगा, मजा येते.

बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे 1024. तेवढ्या खणांचं कपाट केलं, की कोणत्याही माणसाचं कार्ड कुठे शोधायचं ते त्याच्या बोटांवरूनच ठरतं. त्याने नाव काहीही सांगू दे. काही खण ओसंडून वाहायचे हे खरं, कारण चक्रं सगळ्यांत सारखी वाटलेली नसतात. म्हणून खणाच्या आत रेषा मोजून आणखी बारीक वर्गवारी करावी लागली. या कामात त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. तारेने ठशाचं वर्णन पाठवता यावं म्हणून सांकेतिक आकड्यांची पद्धतही बोस यांनीच बसवली. हक साहेबांची बाजू मांडताना बोस यांचं नाव गाळलं, तर आपणही तेच करू जे हेन्री यांनी केलं.

1897 मध्ये सरकारने दोन जाणकारांची समिती नेमली आणि तिने ठशांच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी कलकत्त्याचं मापांचं कार्यालय ठशांचं कार्यालय झालं, जगातल्या अगदी सुरुवातीच्या कार्यालयांपैकी एक.

लगेच त्याची परीक्षाही झाली. जलपायगुडी जिल्ह्यात एका चहाच्या मळ्याच्या मॅनेजरचा खून झाला आणि पेटी लुटली गेली. तिथे सापडलेल्या एका पंचांगावर रक्ताने माखलेल्या बोटाचा डाग होता. कलकत्त्याच्या नोंदीत तो कांगाली चरण नावाच्या, पूर्वी शिक्षा झालेल्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. 1898 मध्ये खटला चालला. कोर्टाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनाच्या आरोपातून सोडलं. ठशाने एवढंच सिद्ध केलं होतं, की त्याचा हात त्या पंचांगाला लागला. खून होताना कुणी पाहिलं नव्हतं. आम्हाला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. नोंद जुळली म्हणजे माणूस गुन्हेगार ठरला, असं आज टीव्हीवर रोज संध्याकाळी सांगितलं जातं, आणि त्याची किंमत कुठल्या मोहल्ल्यांनी मोजली आहे हे आमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

या शोधाची दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. इंग्रज सरकारने पूर्ण जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या आणि त्यासाठी 1871 मध्ये कायदा केला होता. पुढे 1911 च्या कायद्याने त्या लोकांचे ठसे घेण्याची मुभा दिली. गुन्हा केलेला असो वा नसो. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड राहिलेल्या पिढ्यांना त्या नोंदवहीचा अर्थ चांगला ठाऊक होता. ते जोखड 1952 मध्ये उतरलं. कायदा हक साहेबांनी केला नव्हता, पण खणांचं कपाट त्याच सरकारच्या हाती गेलं.

श्रेयाचं काय झालं? 1900 मध्ये हेन्री यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. 1901 मध्ये ते लंडनला स्कॉटलंड यार्डात गेले, तिथे ठशांचा विभाग सुरू केला, पुढे कमिशनर झाले, सर झाले. पद्धतीला नाव पडलं हेन्री पद्धत. रेल्वेत बसले असताना कल्पना सुचली आणि कागद नव्हता म्हणून हेन्री यांनी शर्टाच्या कफवर लिहून ठेवली, असा एक किस्साही रूढ झाला. अमेरिकेत एफबीआयने 1924 मध्ये आठ लाखांहून जास्त कार्डं एकत्र करून विभाग उभा केला, तोही याच पद्धतीवर, थोडी भर घालून. कॉम्प्युटर येईपर्यंत दशकानुदशकं ती कार्डं अशीच लावली जात होती.

इकडे हक साहेब नोकरी करत राहिले. बिहार वेगळा झाल्यावर ते तिकडच्या पोलीस सेवेत गेले आणि सुपरिंटेंडंट पदापर्यंत चढले. 1913 मध्ये खानसाहेब, 1924 मध्ये खानबहादूर. आपल्या कामाची दखल घ्या म्हणून त्यांना अर्ज करावा लागला. पाच हजार रुपये मानधन आणि मोतीहारीकडे जमीन मिळाली. बोस यांनाही रायबहादूर किताब मिळाला. एक गोष्ट इन्साफाने सांगायला हवी. 1926 मध्ये सरकारने विचारणा केली, तेव्हा निवृत्त हेन्री यांनी लेखी कळवलं, की ही पद्धत पूर्णत्वाला नेण्यात त्यांच्या कर्मचाऱ्यांपैकी सर्वांत जास्त वाटा हक यांचा होता. पुस्तक निघाल्यानंतर सव्वीस वर्षांनी का होईना, लिहिलं. तोवर पद्धतीचं नाव जगभर पक्कं झालं होतं.

2005 मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या सोधी आणि कौर या अभ्यासकांनी 'करंट सायन्स' मध्ये लेख लिहून हक आणि बोस यांचा वाटा कागदपत्रांनिशी मांडला. ब्रिटनमधल्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने या दोघांच्या नावाने पुरस्कारही ठेवला. भारतात केंद्रीय अंगुलीमुद्रा केंद्र 1955 मध्ये कलकत्त्यातच सुरू झालं, आज ते दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. आपल्या महाराष्ट्राचं केंद्र पुण्यात सीआयडीकडे आहे. या खात्यात भरतीची जाहिरात निघते तेव्हा विज्ञान शिकलेल्या आपल्या मुला-मुलींनी ती जरूर वाचावी.

निवृत्तीनंतर हक साहेब मोतीहारीतच राहिले. चंपारणचं हे गाव गांधीजींच्या 1917 च्या लढ्यामुळे आणि जॉर्ज ऑर्वेल यांच्या जन्मामुळे लोकांना माहीत आहे. 1935 मध्ये तिथेच त्यांचा इंतकाल झाला आणि तिथेच त्यांना दफन केलं गेलं. फाळणीनंतर त्यांचं कुटुंब सरहद्दीपार गेलं आणि पुढे अनेक देशांत विखुरलं. अल्लाह त्यांची मगफिरत फरमावो.