धनिणीच्या बागेतील शाळा

कर्मवीर भाऊराव पाटील म्हटले की पांढरी दाढी आणि खादीचे साधे कपडे डोळ्यांसमोर येतात. जयंतीला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि त्यांनी किती शाळा काढल्या ते सांगतो. शाळांची संख्या मोठीच आहे. पण मला त्यांचे खरे मोठेपण दिसते ते त्यांच्या मुलांच्या हातांतील कुदळीत. गरिबाच्या मुलाने कोणाच्या दयेवर नव्हे, तर स्वतःच्या घामावर शिकावे, आणि तो घाम सर्वांनी मिळून गाळावा, ही त्यांची शिकवण होती.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी घराण्यात झाला. घराण्याचे गाव सांगलीकडचे ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. तेथील सोवळे-ओवळे त्यांना मानवले नाही. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंग सुटले, पण राजर्षी शाहू महाराजांचा आधार मिळाला. शाळेच्या परीक्षांत मात्र भाऊराव फारसे पुढे गेले नाहीत. पुढे ज्या माणसाने हजारोंना पदव्यांच्या वाटेवर आणले, तो स्वतः मॅट्रिकही झालेला नव्हता!

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचमालाची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची विक्री केली. लोखंडाने जमीन विषारी होते, असे त्या काळी पुष्कळ शेतकऱ्यांना वाटे. त्यांची समजूत घालत भाऊराव गावोगाव हिंडले. या भटकंतीत त्यांना शेतकऱ्याचे घर आतून दिसले. नांगर बदलला तरी कर्जाचा कागद वाचता येत नाही तोवर कुणब्याचे दैन्य हटणार नाही, हे त्यांनी ओळखले असावे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

१९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव मिळाले. हे बोर्डिंग पुढे धनिणीच्या बागेत नांदले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत. जमीन कसणे, पाणी भरणे, झाडलोट करणे, रांधणे ही सारी कामे मुलेच करीत. ज्याने पाणी आणले त्याची जात विचारायची सोय उरली नाही, कारण ते पाणी सर्वांच्याच भाकरीत होते. समतेची शंभर व्याख्याने जे करू शकली नसती, ते सामाईक शेताने आणि सामाईक चुलीने केले.

या चुलीशी उभ्या राहिलेल्या लक्ष्मीबाईंना आपण नेहमी दोन ओळींत आटोपतो. सधन घरची ही बाई. जुन्या वळणाच्या संस्कारांत वाढलेली. तिने परजातीच्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे जेवू घातले. बोर्डिंगातले धान्य संपले तेव्हा एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. ऐन दुष्काळात माझी आई दाण्याचा डबा खरवडताना मी पाहिली आहे; म्हणून मला वाटते, धनिणीच्या बागेतले पहिले बियाणे लक्ष्मीबाईंचे होते.

पुढे १९३५ साली संस्थेने खेड्यांसाठी शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय काढले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि श्रम करून शिकण्याची रीत उच्च शिक्षणातही आली. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांनी देह ठेवला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. मिळाली होती.

आज अनेक कॉलेजांत कमवा आणि शिका योजना आहे. मीही तिच्यात आहे. आमच्या घरातली कॉलेजात आलेली मी पहिलीच. सकाळी आम्ही काही जणी कॉलेजच्या बागेत खुरपणी करतो तेव्हा बाजूने जाणारे मित्र-मैत्रिणी नजर चुकवतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. पण भाऊरावांच्या बोर्डिंगात अशी नजर चुकवायचे कारणच नव्हते, कारण तेथे कुदळ सर्वांच्याच हाती होती. आज ती फक्त गरजवंताच्या हाती उरली, म्हणून ती गरिबीची खूण झाली. योजना राहिली, तिच्यातली पंगत मोडली.

म्हणून गुरुजनांना आणि विद्यार्थी बंधु-भगिनींना माझी एक विनंती आहे. वसतिगृहामागची पडीक जागा आपण सर्वांनी मिळून कसावी. ज्यांना पैशाची गरज आहे त्यांना मोबदला मिळावा. ज्यांना नाही त्यांनीही आठवड्यातून एक तास यावे, प्राध्यापकांनीही यावे. मेथी, वांगी, गवार लावावी आणि ती वसतिगृहाच्या खानावळीत सर्वांच्या ताटात पडावी. वनस्पतिशास्त्र नसलेल्या आपल्या कला महाविद्यालयात माती, पाणी आणि कीड यांविषयी शेतकऱ्यांच्या मुलांनी इतरांना शिकवावे. आम्हाला इंग्रजी येत नसेल, पण वाफा कसा बांधतात हे येते. ते सांगताना आमचीही मान वर होईल.

पावसाळ्यापूर्वी जमीन उकरली, तर श्रावणात पहिली भाजी निघेल.