ताजुद्दीन बाबा : राजवाड्यातील फकीर

गांधीबाग म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर कापडाची पेठ उभी राहते. या जुन्या शहरात कोष्टी, मोमीन, महार अशा निरनिराळ्या समाजांच्या विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या माग चालविले. दिनांक १७ मार्च २०२५ रोजी येथून जवळच असलेल्या महाल व हंसापुरी भागांत दंगल उसळली आणि शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागू झाली. आपल्या नागपूरला एकोप्याची परंपरा आहे, असे अशा प्रसंगी सर्वच म्हणतात. ती परंपरा कोणी व कशी घातली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. म्हणून आमच्या वाचकांसमोर आम्ही आज एका फकिराचे चरित्र ठेवीत आहोत.

सय्यद मोहम्मद ताजुद्दीन यांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठी येथे झाला. वडील सय्यद बद्रुद्दीन सैन्यात होते. आईचे नाव मरियमबी. हे नाव आम्हां ख्रिस्ती लोकांच्या कानाला परके वाटू नये. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले आणि आजोळच्या माणसांनी त्यांचा सांभाळ केला. कामठी ही इंग्रजांची मोठी लष्करी छावणी. मद्रासकडील पलटणींमुळे तेथे मराठी व उर्दूबरोबर तमिळ आणि तेलुगूही ऐकू येत असे. मशिदी, देवळे आणि चर्च यांच्या सान्निध्यात हा अनाथ मुलगा वाढला.

तरुणपणी तेही पलटणीत भरती झाले. पलटण सागर येथे गेली असता ते रात्री-अपरात्री तेथील एका सूफी संताच्या दर्ग्यावर जाऊन ध्यानस्थ बसू लागले. अखेर त्यांनी नोकरी सोडली. कामठीस परतले तेव्हा त्यांना देहभान उरले नव्हते. मुले त्यांच्यावर दगड भिरकावीत. संत फ्रान्सिसलाही असिसीच्या लोकांनी प्रथम वेडाच ठरवून चिखल फेकला होता, याचे येथे स्मरण होते. पुढे छावणीतील गोऱ्या लोकांसमोर ते विवस्त्र गेल्याचे निमित्त झाले असे सांगतात. २६ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली.

तेथे ते १६ वर्षे होते. या काळाविषयी चमत्कारांच्या अनेक कथा प्रचलित आहेत. त्यांची शहानिशा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि आम्हांला त्या कथांपेक्षा एक साधी गोष्ट अधिक विचार करावयास लावते. इस्पितळाच्या फाटकाशी त्यांच्या दर्शनासाठी माणसे येऊ लागली, आणि त्यांत हिंदू व मुसलमान दोघेही होते. दुःखी माणसाने कोणाच्या दाराशी जावे, हे त्याची जात वा पंथ ठरवीत नाही.

या दर्शनार्थींत राजे रघुजीराव भोसले हे एक होते. नागपूरचे तिसरे रघुजी १८५३ साली निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी त्यांचे राज्य खालसा केले. त्यामुळे या रघुजीरावांकडे पदवी होती, वाडे होते, मानमरातबही होता. सत्ता मात्र नव्हती. त्यांनी सरकारदरबारी अर्ज करून बाबांना आपल्या ताब्यात मागितले. त्यासाठी २,००० रुपयांचा जामीन भरल्याचे सांगतात. २१ सप्टेंबर १९०८ रोजी बाबांची सुटका झाली आणि राजांनी त्यांना शक्करदरा येथील आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवले.

ही घटना वाटते तितकी सोपी नव्हे. ज्याला सरकारने वेडा ठरविले, जो परधर्मीय, ज्याच्या वागण्याचा नेम नाही, अशा माणसासाठी एका हिंदू राजाने स्वतः जामीन राहावे आणि त्याला धर्मशाळेत न ठेवता स्वतःच्या घरी आणावे! दानधर्म दूरूनही करता येतो. घराचे दार उघडणे निराळे. राजांनी बाबांना धर्म बदलण्यास सांगितले नाही. बाबांनीही राजांना सांगितले नाही. हिंदू भक्त आपल्या रीतीप्रमाणे त्यांची आरती करीत, मुसलमान आपल्या रीतीने सलाम करीत, आणि बाबा दोघांनाही आवरीत नसत.

मधली काही वर्षे बाबांचा मुक्काम सावनेर तालुक्यातील वाकी या गावी काशीनाथ पाटील यांच्याकडे होता. तेथे त्यांनी एका झाडाखालच्या जागेस दवाखाना म्हटले, दुसऱ्या जागेस मदरसा. रोगी पहिल्या जागी जाऊन बसत आणि विद्यार्थी दुसऱ्या जागी. तेथे ना वैद्य होता ना शिक्षक, आणि कोणी कोणत्या पंथाचा हे विचारणाराही नव्हता. पुढे ते शक्करदऱ्यास परतले. मेहेरबाबांनी आपल्या काळातील ज्या पाच सद्‌गुरूंचा आदराने उल्लेख केला, त्यांत शिर्डीच्या साईबाबांसमवेत ताजुद्दीन बाबांचेही नाव आहे.

त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, संस्था काढली नाही, ऐक्यावर व्याख्यान दिल्याचेही आमच्या वाचनात नाही. भोवतालचे शहर मात्र बदलत होते. १९२३ च्या सुमारास मशिदीसमोरून वाजतगाजत मिरवणूक न्यावी की नाही, यावरून नागपुरात तंटे सुरू झाले. त्या दिवसांत शहराच्या एका टोकाला, भोसल्यांच्या वाड्यात, हा वृद्ध फकीर राहत होता आणि दोन्ही समाजांची माणसे त्याच्या पायांशी बसत होती. १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे देहावसान झाले. उमरेड मार्गावर, आज ज्यास ताजबाग म्हणतात तेथे, त्यांचे दफन करण्यात आले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ४ सप्टेंबर १९२७ रोजी, महालात मोठी दंगल झाली. बाबांच्या चरित्राने ती टळली नाही, हे मान्य केले पाहिजे. संतांच्या समाधीवर फुले वाहणारे हात दुसऱ्या दिवशी दगडही उचलू शकतात, हे आम्ही धर्मगुरू सर्वच धर्मांत पाहत आलो आहोत. रघुजीरावांसारखे दार उघडणारे थोडेच असतात.

ज्या इस्पितळात बाबांना कोंडले होते ते आजही प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून चालू आहे. ताजबागेत मोहरम महिन्याच्या २६ तारखेला उरूस भरतो. चांद्र मासामुळे तो दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. कधी उन्हाळ्यात येतो, कधी ऐन पावसाळ्यात. त्या दिवशी ताजबागेत येणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात.